सुवासाची वहिवाट

पवनेच्या अलीकडच्या तीरावर काळेवाडी आणि पलीकडच्या तीरावर पिंपरी, अशी आमच्या वस्तीची रचना असून, पलीकडे कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांत राबणारी माणसे अलीकडे राहावयास आली. शेतांचे गुंठे पडले, गुंठ्यांवर घरे चढली, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जी जमीन एके काळी पिकांच्या नावांनी ओळखली जात होती तिच्यावर, माणूस, मोटारसायकल व पाण्याची टाकी यांची सोय लागल्यानंतर जी काही हातभर रुंदीची पट्टी शिल्लक उरते, तिलाच आम्ही बाग म्हणतो. अशा एका पट्टीत आणि वरच्या गच्चीवरील काही कुंड्यांत मी सेवानिवृत्तीपासून संकरित गुलाब लावीत आलो आहे. त्यासंबंधी दोन शब्द लिहावेत असे मनात येण्याचे कारण हे की, या फुलावर आपल्या समाजाने एक आरोप ठेवलेला असून त्याची सुनावणी मात्र कधीच झालेली नाही.

प्रथम जमिनीविषयी. या पट्टीत वरच्या थराला बांधकामाचा पुरलेला राडारोडा, खाली मुरूम, आणि मध्ये कोठे कोठे नदीकाठची मूळची काळी चिकण माती, असा प्रकार होता, आणि संकरित गुलाबाला यांपैकी एकही वस्तू मानवत नाही. त्याला पाणी हवे असते पण साचलेले नको, खत हवे असते पण कच्चे नको, ऊन दिवसातून पाच-सहा तास हवे आणि मुळांशी गारवाही हवा. तेव्हा दोन फूट लांब-रुंद आणि तितकाच खोल असा खड्डा खणून, राडारोडा सारा उपसून, तळाशी विटांचे तुकडे घालून, त्यावर तांबडी माती, कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा यांचे मिश्रण भरावे लागते. नोव्हेंबर २०१९ पासून आमच्या शहरात नळाचे पाणी दिवसाआड येते, त्यामुळे आळ्यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालणे येथे ऐच्छिक राहिलेले नाही. त्या आच्छादनाखाली ओल दोन दिवस सहज टिकते, आणि उन्हाळ्यातही झाड मान टाकीत नाही.

आता आरोपाकडे वळतो. आमच्या शेजारी एक वयोवृद्ध मावशी राहतात. त्या रोज सकाळी देवासाठी फुले गोळा करीत गल्लीतून फिरतात, जास्वंद, तगर, पारिजातक जे मिळेल ते घेतात, पण माझ्या गुलाबांपाशी येऊन क्षणभर थांबतात आणि हात न लावता पुढे जातात. एकदा मी स्वतःच दोन फुले काढून पुढे केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, फुलं लई देखणी हायती तुमची, पण देवाला न्हाई चालायची. विलायती हायती. वास कुठं हाय त्यांना? देवाला गावठीच लागतो."

हा आक्षेप एकट्या मावशींचा नव्हे. सुशिक्षितांच्या बैठकीतही तो निराळ्या भाषेत ऐकू येतो. संकर म्हणजे भेसळ, भेसळ म्हणजे गुणहानी, आणि गुणहानीचा पहिला पुरावा म्हणजे नाहीसा झालेला सुवास, हा अनुमानाचा क्रम आपल्या मनात इतका रुळलेला आहे की, त्याची रुजुवात घेण्याची गरजच कोणास भासत नाही. रुजुवात घेऊ गेल्यास मात्र दफ्तरातून निराळेच कागद बाहेर पडतात.

ज्याच्या पाकळ्यांचा आपण गुलकंद घालतो आणि ज्याला निःशंकपणे गावठी म्हणतो, त्या एडवर्ड गुलाबाचे मूळ हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर आहे. या बेटाचे जुने नाव बूरबाँ. तेथील वसाहतवाले शेताच्या कडेने गुलाबांची कुंपणे लावीत. त्या कुंपणांत चीनकडून आलेला 'ओल्ड ब्लश' आणि पश्चिम आशियातून आलेला दमास्क एकमेकांशेजारी वाढत असता, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, कोणा माणसाने हेतुपुरस्सर न करता त्यांचा संकर झाला, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मग दमास्क तरी शुद्ध असेल म्हणावे, तर जपानी संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय परीक्षणात तोही गॅलिका, मॉस्काटा आणि मध्य आशियातील फेड्टशेन्कोआना या तीन जातींच्या मिश्रणातून उत्पन्न झाल्याचे आढळून आले. म्हणजे मावशींच्या देवाला मान्य असलेले फूल चार कुळांचे वारस असून, त्याने आपल्या देशात पाऊल ठेवले तेही समुद्रमार्गे. आपल्याकडे दोन-चार पिढ्या राहिलेल्यास गावठी म्हणावे आणि मागाहून आलेल्यास विलायती, इतकाच या भेदाचा आधार आहे. आणि काळेवाडीत राहणाऱ्या कोणत्याही मनुष्याने, मग तो सातारकडून आलेला असो की मराठवाड्यातून, हा भेद फार ताणू नये हे बरे.

संकरित चहा-गुलाब, ज्याला आपण बोलताना 'हायब्रिड टी' म्हणतो, त्याचा आरंभ सामान्यतः फ्रान्समधील लियाँचा गियो याने १८६७ मध्ये पुढे आणलेल्या 'ला फ्रान्स'पासून मोजतात. त्यात युरोपातील गुलाबांचा भक्कमपणा आणि चीनच्या चहा-गुलाबांचे वारंवार फुलणे यांचा मेळ होता. चीनचे हे गुलाब युरोपात गेले तेव्हा त्यांच्या प्रवासातील एक मोठा मुक्काम कलकत्त्याची वनस्पती-बाग हा होता, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. पुढे १९०० मध्ये लियाँच्याच पेर्ने-दुशे याने इराणकडच्या पिवळ्या गुलाबाशी संकर करून 'सोलेय द'ऑर' सिद्ध केला, आणि आज बागांतून दिसणाऱ्या गर्द पिवळ्या, शेंदरी, जर्दाळू रंगांचा दरवाजा उघडला. परंतु त्या इराणी पूर्वजाने रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याची वृत्तीही वंशजांच्या पदरी टाकली. या रोगाची बुरशी रुजण्यास पान सुमारे सात तास सतत ओले राहावे लागते, आणि पवनेच्या खोऱ्यात आषाढ-श्रावणात पान कोरडे राहतच नाही. त्यामुळे पिवळ्या जातींची झाडे भाद्रपदापर्यंत अर्धीअधिक निष्पर्ण होऊन उभी राहतात. खाली पडलेली पाने रोजच्या रोज वेचून घराबाहेर नेणे, पाणी देताना ते पानांवर न उडवता बुंध्याशी घालणे, आणि दाट फांद्या विरळ करून वारा खेळता ठेवणे, हे त्यावरचे उपाय औषधाच्या बाटलीपेक्षा अधिक खात्रीचे आहेत, असे माझे मत आहे. पिवळ्या गुलाबाचा ज्यास अनिवार मोह आहे त्याने मात्र बाटलीही जवळ ठेवावी.

आणि वारंवार फुलणे म्हणजे तरी काय? रानगुलाब वसंतात एकदाच फुलतो आणि मग वर्षभर फुलण्यास बंदी असते. ही बंदी घालणारे एक जनुक त्याच्या पेशींत असते. चीनच्या गुलाबात, केव्हातरी फार प्राचीन काळी, त्या जनुकात एक परका तुकडा येऊन अडकला आणि ते निकामी झाले. मनाई हुकूम काढणारा अंमलदारच गैरहजर राहिल्यावर झाड बारा महिने फुलू लागले. हे २०१२ मध्ये सप्रमाण दाखविण्यात आले, आणि २०१८ मध्ये ज्या गुलाबाचा संपूर्ण जनुकपट प्रथम नीट वाचला गेला तो हाच 'ओल्ड ब्लश'. कार्तिकात, पौषात आणि पुन्हा फाल्गुनात आपल्या दारी जे फूल उमलते ते अशा एका बिघाडाच्या कृपेने. शुद्धतेचे अभिमानी या बिघाडास काय नाव देतील कोण जाणे. मी त्यास उपकार म्हणतो.

राहता राहिला सुवास. येथे फिर्यादी पक्षाचे म्हणणे वरकरणी बळकट दिसते, कारण फुलवाल्याकडून आणलेला लांब दांड्याचा लाल गुलाब नाकाशी धरला असता कागद हुंगल्यासारखे वाटते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. परंतु फ्रान्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये सुवासाचा शोध घेताना दोन गुलाब समोरासमोर ठेवले. एक 'पापा मेयाँ', अत्यंत सुवासिक. दुसरा 'रूज मेयाँ', जवळजवळ निर्गंध. दोन्ही गुलाबांची पैदास करणाऱ्या मेयाँ घराण्याचे, दोन्ही लाल आणि दोन्ही संकरितच. पहिल्याच्या पाकळ्यांत एक विकर भरपूर प्रमाणात तयार होत होते आणि त्याच्या साहाय्याने जिरॅनिऑल नावाचे सुगंधी द्रव्य सिद्ध होत होते. दुसऱ्यात तेच विकर नावालाही नव्हते. एका घराण्यातील एका भावाने वडिलोपार्जित चीज सांभाळली आणि दुसऱ्याच्या हातून ती गेली, एवढाच याचा अर्थ. संकर हे जर सुवासनाशाचे कारण असते, तर 'पापा मेयाँ' निर्गंध व्हावयास हवा होता.

मग सुवास गेला कोठे? तो कोणी मुद्दाम घालविला नाही. त्याला कोणी विचारले नाही, म्हणून तो गेला. अमेरिकेतील गुलाबसंस्थेच्या प्रदर्शनांत फुलाला शंभरपैकी गुण देण्याची जी पद्धत आहे, तीत आकृतीला २५, रंगाला २०, देठ व पानांना २०, पाकळीच्या पोताला १५, समतोलाला १० आणि आकारमानाला १० असे गुण आहेत. बेरीज शंभर भरली, आणि सुवासाचा रकानाच राहून गेला. सुवासिक फुलांचा निराळा विभाग ठेवतात हे खरे, परंतु मुख्य मानाच्या वाटणीत त्याची गणना नाही. बाजारपेठेचा हिशेब तर याहून रोकडा आहे. आमच्याच जिल्ह्यात, येथून फार दूर नाही अशा मावळ तालुक्यात, तळेगावच्या आसपास आणि पवनेच्या वरच्या अंगाला हरितगृहांच्या ओळी उभ्या आहेत. तेथील शेतकरी डिसेंबरात छाटणी करून फेब्रुवारीच्या १४ तारखेसाठी 'टॉप सीक्रेट', 'ताजमहाल' अशा लाल जातींची कळी बेताबेताने आणतो, ती शीतगृहात ठेवतो, आणि देशोदेशी पाठवितो. त्याला दर मिळतो तो दांड्याच्या लांबीवर आणि कळी किती दिवस टिकते त्यावर. विमानाने परदेशी निघालेल्या पेटीत सुवासाला भाडे कोण देणार? त्या शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा मुळीच उद्देश नाही; कर्ज काढून हरितगृह उभारणाऱ्याने लांबीच पाहिली पाहिजे. परंतु ज्याला फूल विकावयाचे नाही, ज्याच्यावर व्यापाऱ्याचा तगादा नाही आणि ज्याची फुले घरातून देवघरापलीकडे प्रवास करीत नाहीत, त्या घरगुती बागवानाने बाजाराच्या नजरेने रोप निवडावे, याला काय म्हणावे? सुवासाची वहिवाट चालू ठेवण्याजोगी जागा आता घरची बाग हीच उरली आहे, आणि ती वहिवाट मोडली तर तिचा दावा पुन्हा लावता येणार नाही, कारण जी जात कोणी लावीत नाही तिचा कलमासाठी डोळा मिळणेच बंद होते.

म्हणून मी माझ्या पट्टीत 'पापा मेयाँ'ला अग्रस्थान दिले आहे. हा १९६३ सालचा गुलाब. कळी इतकी गर्द किरमिजी की सावलीत काळी भासावी, आणि पाकळीला मखमलीची लव. आमच्याकडील रोपवाटिकांतून त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नसते. रस्त्याच्या कडेला मांडलेल्या रोपांपाशी उभे राहून मी हे नाव उच्चारले असता विक्रेता प्रथम गोंधळतो आणि मग समजूत पटून म्हणतो, "काळा गुलाब म्हना की, काका!" त्याच्या दुकानात सर्व गुलाबांची नावे रंगांवरून पडलेली असतात, आणि त्याच्याकडून रोप घ्यावयाचे तर फुललेलेच घ्यावे, कारण कळीवरून रंग कळतो, वास कळत नाही.

पहिल्या बहराचे एक फूल मी मावशींच्या हाती दिले. त्यांनी ते हुंगले, पुन्हा हुंगले, आणि माझ्याकडे संशयाने पाहत म्हणाल्या, "ह्याला मातुर वास हाय."

"हाही विलायतीच आहे, मावशी. फ्रान्सचा."

"काय तरी सांगू नगा भाऊ. ह्यो गावठीच असंल," असे म्हणून त्यांनी ते फूल परडीत टाकले. आता त्या रोज त्याच झाडापाशी थांबतात, आणि मी तो वाद पुढे चालविलेला नाही.

या गुलाबाचा एक दोष असा की, भुरी रोग त्याला फार लवकर धरतो. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला ओले पान लागते. भुरीला त्याची गरज नसते. कोरडे दिवस आणि थंड, दमट रात्री तिला मानवतात, आणि आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषात नेमके तसेच हवामान असते, म्हणजे गुलाबाचा मुख्य बहर आणि भुरीचा मोसम एकच. कोवळ्या शेंड्यावर पांढरी पूड दिसू लागताच पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची विरळ फवारणी सकाळी करावी. कडक उन्हात केल्यास गंधकानेच पाने करपतात. फवारणीचा पंप हाती घेतला म्हणजे मला नेहमी पलीकडच्या तीराची आठवण होते. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला, तो पेनिसिलिनसाठी. परंतु तेथील संशोधनाची धुरा वाहणारे डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे बुरशींचे अभ्यासक, वनस्पतिरोगतज्ज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्म जीवांतून बुरशीनाशक प्रतिजैविके शोधून काढली. त्यांतील हॅमायसिन हे माणसांच्या बुरशीजन्य विकारांसाठी, आणि ऑरिओफंगिन हे पिकांच्या व फळबागांच्या रोगांसाठी. हॅमायसिन ज्या जीवापासून मिळते त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे आहे. गावाचे नाव रस्त्याला, पुलाला, स्थानकाला मिळते. परंतु पिंपरीचे नाव असे एका अदृश्य जीवाला मिळून जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत जाऊन बसले, ही गोष्ट आमच्या शहरातील फार थोड्यांना माहीत आहे. कारखान्यांची नगरी म्हणून मिरविताना या सनदेचाही उल्लेख व्हावयास हरकत नसावी.

छाटणीसंबंधी अनेक मतभेद असून त्यांत मी फार शिरत नाही. आमच्याकडे पाऊस सरल्यावर आश्विनात मुख्य छाटणी करावी, वाळलेल्या व एकमेकींत अडकणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात, राहिलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरप्या कापाव्यात, आणि जखमेवर मोरचूद-चुन्याचा लेप द्यावा. तेथून सुमारे पंचेचाळीस दिवसांनी बहर येतो. पुण्यातील टिळक स्मारक मंदिरात भरणाऱ्या गुलाबप्रदर्शनासाठी किंवा एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनासाठी फुले नेणारी मंडळी तारखेवरून उलट मोजत छाटणीचा दिवस ठरवितात. पावसाळा संपताच आळे उकरून मुळे आठ-दहा दिवस उन्हात उघडी टाकण्याची जी जुनी चाल आहे, ती मात्र मला मान्य नाही. तीत अन्न शोषणारी बारीक मुळे तुटतात, आणि हातभर पट्टीतल्या झाडाला ती पुन्हा पसरण्यास जागा नसते.

आपल्या देशात गुलाबाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून देणारे डॉ. बी. पी. पाल हे गव्हावरील तांबेरा रोगाशी झगडणारे वनस्पतिप्रजननशास्त्रज्ञ होते, आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. इतका मोठा कारभार शिरावर असता त्यांनी स्वतः गुलाबांचे संकर केले. त्यांचा १९६२ सालचा 'रोझ शरबत' हा गुलाबी, दाट सुवासाचा आहे, आणि शुभ्र 'डॉ. होमी भाभा' १९६८ सालचा. 'द रोझ इन इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये निघाला. दिल्लीच्या उन्हात निवडलेल्या या जाती आमच्या उन्हातही तग धरतात. परदेशी नावांचा ज्यांना संकोच वाटतो त्यांनी निदान 'रोझ शरबत' लावावा. तोही संकरितच, पण मावशींच्या परडीत आक्षेपावाचून जाईल.

शेवटी डोळा भरण्याविषयी, कारण बिया पेरून संकरित जात तशीच्या तशी मिळत नाही. संकरिताचे प्रत्येक बी निराळे निघते. रानगुलाबाच्या काडीपासून केलेल्या खुंटावर, जमिनीलगत, सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यावी. मग नुकतेच फूल उमलून गेलेल्या फांदीवरचा फुगलेला डोळा सालीच्या पापुद्र्यासह काढून त्या चिरेत बसवावा, आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला तर कलम धरले, काळा पडला तर गेले. पुढे जन्मभर एक पथ्य पाळावे लागते. जोडाच्या खालून खुंटाचा फुटवा निघतो आणि तो लक्षात आला नाही तर दोन-तीन वर्षांत सारे झाड आपल्या ताब्यात घेतो. सात पानांची डहाळी ती रानटी, ही जी खूण सांगतात ती भरवशाची नाही. कित्येक उत्तम संकरितांनाही सात पाने येतात. फुटवा जोडाच्या वरून निघाला की खालून, हे माती बाजूला करून डोळ्यांनी पाहावे, आणि खालचा असल्यास कात्रीने न कापता मुळाशी धरून ओढून काढावा.

'पापा मेयाँ'चा डोळा ज्या कोणास हवा असेल त्याने डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, साल सहज सुटते तेव्हा, सकाळी यावे. ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी त्याच दिवशी भरली गेली पाहिजे. डोळ्याचे पैसे पडत नाहीत. खुंट मात्र ज्याने त्याने आपला लावून ठेवावा.